सीटी स्कॅनमधला पक्षाघात लगेच ओळखणारी एआय प्रणाली छोट्या रुग्णालयात कुणी वापरली आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेल्या श्रावणात अण्णांना पक्षाघात झाला. पाचला उठून त्यांनी पूजेची फुलं काढून आणली, तोवर सगळं ठीक. साडेसहाला चहा डाव्या हातावर सांडला आणि भाजल्याचं त्यांना कळलंच नाही. तोंडही जरासं वाकडं झालेलं. आईला वाटलं हात अवघडलाय, तिने तेल चोळलं. त्यात पाऊण तास गेला. ती अजून स्वतःला दोष देते, पण मला सलतो तो पुढचा वेळ.

सव्वाआठला तालुक्याच्या रुग्णालयात पोचलो. वीस मिनिटांत सीटी झाला. मशीन आहे, टेक्निशियन आहे, पण रेडिओलॉजिस्ट बाहेरगावी. रिपोर्ट आला साडेअकराला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्याशिवाय ते देता येत नाही, कारण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेततं. साडेसहापासून साडेचार तास म्हणजे अकरा. आम्ही अर्ध्या तासाने चुकलो. नंतर फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठलं, जीव वाचला. डावी मूठ मात्र अजून उघडत नाही. फुलांची परडी आता आई धरते.

तेव्हापासून या विषयाचं मिळेल ते वाचतोय. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीची 'क्यूईआर' प्रणाली डोक्याचा सीटी बघून रक्तस्रावासारख्या गोष्टी काही मिनिटांत दाखवते. तिला 2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) मंजुरी मिळाली. आसामात तेजपूरच्या बॅप्टिस्ट ख्रिश्चन हॉस्पिटलात न्यूरॉलॉजिस्ट नसताना फिजिशियन डॉक्टरांनी तिची मदत घेतली, हे वाचून मला फार धीर आला. आमच्याकडची अडचण अगदी तीच आहे.

आमच्या रुग्णालयाचे डॉक्टर तयार आहेत. गावकरी आणि मुंबईकर चाकरमानी मिळून पैसे उभे करू म्हणतात. पण ट्रस्टींना समजावण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही, म्हणून हा धागा.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात तालुका पातळीवर कुणी अशी प्रणाली वापरतंय का? जुन्या सीटी मशीनला ती जोडता येते का? आमच्याकडे पावसात नेट दोन-दोन तास जातं, तेव्हा काय करतात? वर्गणी वर्षाची असते की स्कॅनमागे? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रणालीने 'रक्तस्राव नाही' म्हटलं, तर तेवढ्यावर इंजेक्शन द्यायचा निर्णय डॉक्टर घेतात, की फोनवर तरी तज्ज्ञ लागतोच? गुठळीचा झटका पहिल्या काही तासांत साध्या सीटीत दिसेलच असं नसतं, एवढं मला कळलंय. तिथे अशा प्रणालीचा किती उपयोग होतो, हे रेडिओलॉजीतल्या कुणी सोप्या भाषेत सांगितलं तर बरं होईल.

उपचाराविना दर मिनिटाला मेंदूतल्या सुमारे 19 लाख पेशी मरतात, हा आकडा वाचल्यापासून ते रिपोर्टची वाट बघत बसलेले तीन तास डोक्यातून जात नाहीत.

ट्रस्टची बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. त्याआधी कुणा डॉक्टरांशी किंवा टेक्निशियनशी बोलणं झालं तर फार मदत होईल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.