पर्वरीच्या सड्यावर विहीर पुनर्भरण : पाणी एप्रिलपर्यंत टिकतं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गोव्यात पर्वरीला सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) आमची 24 फ्लॅटची सोसायटी आहे. आवारात चिऱ्यांनी बांधलेली विहीर आहे, इमारतीच्याही आधीची. मार्च सरता सरता ती तळाला जाते आणि पाऊस लागेपर्यंत टँकर. नळाचं पाणी अस्नोड्याहून आणि तिळारीच्या कालव्यावरून येतं. कालवा वर कुठे फुटला की आमच्या बार्देश तालुक्यात नळ कोरडे. म्हणून छपरावरचं पाणी विहिरीत सोडावं असा विषय सभेत मांडायचा आहे. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांच्याकडून आधी समजून घ्यावं, म्हणून हा धागा.

गच्चीवर पत्र्याचं छप्पर आहे, साधारण 400 चौरस मीटर. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर 12 लाख लिटर होतात. सांडलवंड आणि पहिल्या सरींचं धुळीचं पाणी वजा करून साडेनऊ लाख म्हणूया. म्हणजे 10 हजार लिटरचे नव्वदहून जास्त टँकर. हा आकडा ऐकला की सगळे हो म्हणतात. मला मात्र शंका आहे ती पुढच्या भागाची.

जुलैमध्ये ही विहीर न भरताही वाकून बादली बुडवता येईल इतकी वर येते. जांभा दगड सगळा भोकाभोकांचा, पाणी भराभर पितो आणि तितक्याच सहज सोडतो. सड्यावर मुरलेलं पाणी उताराकडे सरकतं आणि पायथ्याला झऱ्यांतून बाहेर पडतं. मग भर पावसात विहिरीत आणखी पाणी ओतून काय साधणार? मला वाटतं, आमच्या उपयोगाचा पाऊस सप्टेंबर अखेरचा आणि ऑक्टोबरचा, विहिरीची पातळी उतरू लागते तेव्हाचा. तो एकूण पावसाचा लहानसा हिस्सा. शिवाय तेव्हा मुरवलेलं पाणी एप्रिलपर्यंत आमच्याच विहिरीत राहतं, की दोन-तीन आठवड्यांत खाली निघून जातं? सड्यावर पुनर्भरण केलेल्या कुणी उन्हाळ्यातली पातळी मोजली असेल तर तो अनुभव मला सगळ्यात जास्त हवा आहे.

खाली गेलेलं पाणी वाया गेलं असं मी मानत नाही. पायथ्याच्या विहिरी आणि शेतं त्यावरच जगतात, आणि वर आपण काँक्रीट ओतत गेलो तर त्यांचं पाणी आपणच तोडतो. पण वर्गणी मागताना सभासदांना खरं काय ते सांगायला हवं.

टाकीचाही विचार केला. माणशी दिवसाला 135 लिटर धरले तर शंभर माणसांना साडेतेरा हजार लागतात, म्हणजे 50 हजार लिटरची टाकी चार दिवसही पुरत नाही. फक्त फ्लशला आणि बागेला वापरली तर बरी चालेल. कुणी वेगळी पाइपलाइन टाकली आहे का? जुन्या इमारतीत ते कितपत जमतं?

दुसरी काळजी सेप्टिक टँकची. आमचा सोक पिट (टँकचं सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) विहिरीपासून वीसेक मीटरवर आहे आणि वरच्या अंगाला आहे. साध्या मातीत हे अंतर चाललं असतं, पण जांभ्यात पोकळ्या असतात, पाणी गाळलं न जाता थेट पोचू शकतं. पुनर्भरणानंतर कॉलिफॉर्मची (मैल्यातून पाण्यात येणाऱ्या जिवाणूंची) तपासणी कुणी केली का? पावसाळ्यात केली की उन्हाळ्यात?

फिल्टरचंही सांगा. इथे तासाला 50 मिलिमीटर पाऊस सहज कोसळतो, म्हणजे आमच्या छपरावरून तासात 20 हजार लिटर. वाळू, खडी, कोळशाचा साधा हौद एवढा लोंढा पेलतो, की वरून वाहून पाणी न गाळताच विहिरीत जातं? पत्र्यावरचं शेवाळ आणि आंब्याची पानं साफ करायला भर पावसात वर कोण चढतं, हेही लिहा. बऱ्याच ठिकाणी योजना तिथेच बंद पडते असं ऐकते.

बोअरवेल मारा, हा सल्ला कृपया नको. 2002 च्या भूजल कायद्याप्रमाणे त्याला परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी शेजाऱ्यांच्या विहिरी आटवून आम्हाला पाणी नको आहे.

खर्च किती आला आणि सरकारी अनुदान कुणाला मिळालं का, तेही कळवा. फोंडा, म्हापसा, ताळगाव, कुठलाही अनुभव चालेल. फक्त जमीन जांभ्याची, रेताड की खाजनाची (खाडीकाठची, बांध घालून राखलेली) ते नक्की लिहा.