मशरूमचं किती खरं धरायचं?

लातूरचा_ड्रॅगन: जॉर्ज मार्टिनचं 'फायर अँड ब्लड' (२०१८) वाचू लालोय, ड्रॅगनवाल्या राजघराण्याचा काल्पनिक इतिहास. त्यातला मशरूम म्हणतो व्हरमॅक्स ड्रॅगननं विंटरफेल किल्ल्याच्या तळघरात अंडी घातली. आमच्या ग्रुपवर तर सगळे हेच धरून थिअऱ्या करू लालेत, तुमाला पटतं का?

गढीवरचा: नाय ओ. मशरूम दरबारातला विदूषक, चावट गोष्टी सांगायची सवय. आणि कथेत हा ग्रंथ लिहिणारा इतिहासकार गिल्डेन स्वतःच म्हणतो की व्हरमॅक्सनं कधी अंडं घातल्याची नोंदच नाही, नर असंल. आपल्याकडं नाही का, गावातल्या प्रत्येक गढीखालून भुयार थेट किल्ल्यापर्यंत जातं, आत गेलेला माणूस मात्र एकबी भेटत नाही 😄

परभणीकर: पण मशरूमला साफ खोटा धरणंबी चूकच. दुसरा सांगणारा युस्टेस, तो सेप्टन म्हंजे पुजारी म्हणून काय सोवळा? त्याचा कल गादीच्या भांडणातल्या हिरव्या पार्टीकडं. मी तर आधी बघतो की सांगणारा तिथं हजर होता का, आणि ह्या गोष्टीत त्याचा फायदा काय. दोन विरोधी बाजू एकच सांगत असतील तर थोडं वजन द्यायचं, नाहीतर टाइमपास.

गढीवरचा: बरोबर. टॉल्कीननं तर कमालच केली, १९३७ च्या 'हॉबिट'मधी गोलम नावाचा प्राणी जादूची अंगठी नायक बिल्बोला पैजेत द्यायला तयार असतो, १९५१ च्या आवृत्तीत ते बदललं आणि वर म्हणला आधीची गोष्ट बिल्बोनं खोटी सांगितली होती.

लातूरचा_ड्रॅगन: आयला, म्हंजे लेखकाची दुरुस्ती पात्राच्या नावावर! लैच भारी. अंड्याची थिअरी मात्र मी सोडणार नाही बरं का, मजा येती.