शाळा पंधरा दिवसांवर आणि डोक्यात उवा: आधी काय, नंतर काय?

दोनवेण्या | ३१ मे २०२५, रात्री ९:४०

दोन मुली. धाकटी सहा वर्षांची, पहिलीत जाणार. थोरली नऊची, चौथीत. शाळा १६ जूनला. वर्ग नऊला भरतो, बस ८:१० ला येते, म्हणजे पावणेसातला उठणं आलं. सध्या झोपायला साडेअकरा-बारा, उठायला नऊ. तीन आठवडे गावी सात-आठ मुलं एका अंथरुणात, त्यामुळे दोघींच्या डोक्यात उवा. केस पाठीच्या मध्यापर्यंत, आणि धाकटी फणी लावू देत नाही.

बाकीची कामं: थोरलीचा निळा ट्युनिक दोन बोटं आखूड झालाय, तिचा जुना रेनकोट धाकटीला द्यायचाय, बूट बघायचेत.

प्रश्न असा की क्रम काय लावावा? आणि उवांवर खोबरेल तेलात कापूर, किंवा सीताफळाच्या बियांची पूड, हे गावाकडचे उपाय करावेत का?

---

औषधपेटी | ३१ मे, रात्री १०:१५

उवा सगळ्यात आधी, आणि उद्याच. त्याला दोन फेऱ्या लागतात, मध्ये नऊ दिवसांचं अंतर. १ जूनला पहिली केली की दुसरी १० ला येते आणि शाळेआधी पाच-सहा दिवस उरतात. १२ तारखेला सुरू केलंत तर दुसरी फेरी शाळेच्या पहिल्या आठवड्यात पडेल.

कापूर आणि सीताफळाचं बी, दोन्ही नको. कापूर त्वचेतून आणि वासातून अंगात जातो, तोंडात गेला तर थोड्या मात्रेतही लहान मुलाला झटके येऊ शकतात. सीताफळाच्या बियांनी उवा मरतात हे खरं आहे, पण ती पूड किंवा तिचं पाणी डोळ्यात गेलं तर बुबुळाचा पडदा सोलवटतो. न्हाणीघरात डोळे मिटायला सांगितलेली सहा वर्षांची मुलगी मधेच डोळे उघडतेच. रॉकेलचं तर नावही काढू नका.

आधी उवाच आहेत ना ते नक्की करा. उन्हात बसवून कानामागे आणि मानेच्या केसरेषेवर बघा. लीख केसाला एका बाजूने चिकटलेली असते, बोटाने सरकत नाही, कोंडा सरकतो. टाळूपासून अर्ध्या सेंटीमीटरच्या आतली लीख जिवंत धरायची. त्याहून खूप लांब, पांढरट दिसते ती बहुतेक फुटून गेलेली टरफलं. फक्त टरफलं असतील, चालती ऊ एकही नसेल, तर औषधाची गरज नाही.

औषध: पर्मेथ्रिन १ टक्का, डोक्यासाठीचं. मेडिकलमध्ये मागताना '१ टक्का, केसांसाठी' असं सांगून घ्या. ५ टक्केवालं क्रीम खरजेचं असतं, ते डोक्यावर आणू नका. साध्या शाम्पूने केस धुवा, कंडिशनर लावू नका. टॉवेलने टिपा, केस ओलसर हवेत, पाणी गळणारे नकोत. टाळूपासून टोकापर्यंत औषध चोळा, कानामागे आणि मानेवर नीट. घड्याळ लावून १० मिनिटं. डोळ्यांवर दुमडलेला नॅपकिन मुलीच्या हातात द्या, तिलाच धरू दे. मग बेसिनवर डोकं वाकवून धुवा, अंघोळीत नको. औषध अंगभर ओघळायला नको. पुढचे दोन दिवस शाम्पू नाही.

दुसरी फेरी का, तर पर्मेथ्रिन ऊ मारतं, लिखा सगळ्या मारत नाही. लीख साधारण ६ ते ९ दिवसांत फुटते, आणि बाहेर आलेलं पिल्लू पुढे ९ ते १२ दिवसांनी अंडी घालायला लागतं. सगळ्या लिखा फुटल्यात आणि एकही पिल्लू अजून मोठं झालेलं नाही, ती वेळ नवव्या दिवसाच्या आसपास येते. 'औषध लावलं, पण महिन्याने पुन्हा झाल्या' ही तक्रार बहुतेक वेळा दुसरी फेरी चुकल्याची असते.

औषधानंतर १२ तासांनी उवा आधीइतक्याच तरतरीत फिरताना दिसल्या तर तेच औषध पुन्हा पुन्हा लावू नका, डॉक्टरांना दाखवा. अर्धमेल्या, हळू चालणाऱ्या दिसल्या तर औषध लागू पडलंय, फणीने काढा.

घरात ज्यांच्या डोक्यात सापडतील त्या सगळ्यांचं एकाच दिवशी करा, आणि गावाकडच्या चुलत-मावस भावंडांच्या घरी फोन करा. या फोनची लाज वाटते म्हणून तो राहतो. उशीचे अभ्रे, चादरी, टॉवेल, रिबिनी कडकडीत गरम पाण्यात. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून दोन आठवडे बाजूला. डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांवर जगत नाही, तेव्हा गाद्यांवर फवारणी करत बसू नका.

---

दोनवेण्या | ३१ मे, रात्री १०:४०

अडचण एक. आज संध्याकाळीच दोघींच्या डोक्याला भरपूर खोबरेल लावलंय. चालेल?

---

औषधपेटी | ३१ मे, रात्री १०:४८

उद्या औषधाआधी दोनदा शाम्पू करा, केस बोटांत करकर वाजेपर्यंत. तेलाचा थर राहिला तर औषध उवेपर्यंत पोचतच नाही. कंडिशनर नको म्हटलं तेही याचसाठी.

---

पाटावरची | १ जून, सकाळी ७:२०

औषधाचं वर सविस्तर आलंय, मी फणीबद्दल लिहिते. खरं काम फणीच करते.

बाजारातल्या लाकडी फणीच्या दातांमधली फट भिजून-वाळून कमीजास्त होते, त्यातून लिखा निसटतात. धातूच्या लांब दातांची, उवा-लिखांसाठीची फणी घ्या. उजेडाकडे धरून बघा: दातांमधून उजेडाची रेघ दिसावी, पण जाड दोरा जाऊ नये.

१ तारखेला औषध धुतल्यावर नुसत्या पाण्याने ओल्या केसांवर फणी. ३ तारखेपासून दर दोन-तीन दिवसांनी कंडिशनर लावून, २२ जूनपर्यंत. मुलीला दिवसा, खिडकीपाशी पाटावर बसवा, तुम्ही मागे स्टुलावर. खांद्यावर पांढरा टॉवेल. ओल्या केसांना तीन-चार मोठे चमचे स्वस्तातलं कंडिशनर. निसरड्या केसात ऊ पळू शकत नाही. आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढा, तोही टोकाकडून. टोकाची चार बोटं सुटली की त्यावरची चार बोटं, असं मुळाकडे जायचं. मुळापासून खाली ओढलं की सगळा गुंता एकाच जागी जमून जट होते आणि तिथेच रडारड सुरू होते. धाकटीचा विरोध फणीला नसून याला असण्याची शक्यता जास्त.

मग केसांचे चार भाग, तीन भाग क्लिपने वर. हातातल्या भागाची बोटभर रुंद बट घ्या, फणी टाळूला टेकवून सुरू करा आणि एका दमात टोकापर्यंत आणा. प्रत्येक ओढीनंतर फणी ओल्या पांढऱ्या कागदावर पुसा. तिळाएवढी करडी ऊ पाय हलवताना दिसेल. पिल्लं खसखशीच्या दाण्यासारखी. प्रत्येक बट दोनदा. एवढ्या लांब केसांना अर्धा-पाऊण तास धरून चाला. सहा वर्षांची मुलगी तेवढा वेळ बसणार नाही, तेव्हा दोन भाग सकाळी, दोन दुपारी. कागदावरच्या उवा मोजायचं काम तिलाच द्या.

शाळा सुरू झाल्यावर दोन घट्ट वेण्या वर बांधून. मोकळे केस दुसरीच्या डोक्याला लागतात, ऊ तिथूनच चालत जाते. ती उडी मारत नाही. आणि पावसाळ्यात सकाळी न्हाऊ घालून ओल्या वेण्या घालू नका, दिवसभर केस आत कुबट राहतात. न्हाणं शनिवारी-रविवारी दुपारी.

---

पहाटवारा | १ जून, सकाळी ८:०५

झोपेचंही आजपासूनच. नऊ वरून पावणेसात म्हणजे सव्वादोन तास, पंधरा-पंधरा मिनिटांचे नऊ टप्पे. १५ दिवस हातात आहेत, म्हणजे एखादा दिवस गडबडला तरी चालतं.

सगळे झोपायची वेळ आधी ओढायला जातात, ते जमत नाही. झोप आलेली नसताना मूल साडेनऊला अंथरुणात टाकलं तर ते अकरापर्यंत लोळतं आणि रोजचा तंटा होतो. उठायची वेळ आधी सरकवा: आज पावणेनऊ, उद्या साडेआठ. उठल्या उठल्या गॅलरीत, गच्चीवर, उजेडात दहा-पंधरा मिनिटं. दूध तिथेच प्यायलं तरी चालेल. रात्रीची झोप दोन-तीन दिवसांनी आपोआप मागे येते. मधल्या दिवसांत दुपारी डुलक्या येतील. अर्ध्या तासाच्या वर झोपू द्यायचं नाही, आणि तीननंतर तर नाहीच.

या वयाला ९ ते १२ तास झोप लागते. पावणेसातला उठायचं तर धाकटी साडेआठला, थोरली नऊला आडवी हवी. जूनमध्ये सव्वासातपर्यंत उजेड असतो, म्हणून आठ वाजता पडदे ओढा आणि टीव्ही-मोबाइल बंद.

---

आमरसपुरी | १ जून, सकाळी ९:३०

एवढं काय करायचं? शेवटच्या तीन दिवसांत लवकर उठवलं की लागते सवय. आमरसाच्या सुट्टीत मुलांना झोपू द्या हो.

---

पहाटवारा | १ जून, सकाळी ९:५०

थोरलीचं जमेलही. पण पहिलीतल्या मुलीला नवा वर्ग, नव्या बाई, आणि वर अर्धवट झोप, हे तिन्ही एकाच सोमवारी नको. रविवारी एक दिवस अर्धा तास सूट द्या, आमरसाला तेवढी पुरे.

---

सुईदोरा | १ जून, दुपारी २:१०

ट्युनिकचं. खाली सोडायच्या आधी तो घालून मुलीला दोन्ही हात वर करायला आणि मांडी घालून बसायला सांगा. काखेत किंवा छातीवर ओढत असेल तर लांबी वाढवून उपयोग नाही, नवा घ्या. फक्त आखूड असेल तर खालची दुमड उलटून बघा, माया (आत दुमडलेलं जादा कापड) किती आहे. दोन बोटं म्हणजे साधारण सव्वा इंच. दोन इंच माया असेल तर उसवून सव्वा सोडा, उरलेल्या पाऊण इंचात नवी दुमड बसते.

माया कमी असेल तर साडीचा फॉल वापरा. जुळत्या रंगाचा सुती फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. न भिजवता लावला तर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि ट्युनिकचा घेर खाली गोळा होतो. पूर्ण दुमड उघडा, कडेला फॉल पाव इंचावर मशीनने जोडा, आत वळवा आणि हाताने तुरपाई. जवळजवळ सगळी माया लांबीला मिळते.

तुरपाईचे टाके बोटाच्या पेराच्या अर्ध्या अंतरावर, सैल, बाहेरच्या कापडाचा एखादाच धागा उचलून. खालच्या दुमडीला मशीनची टीप मारू नका. पुढच्या वर्षी सोडताना भोकांची रांग दिसते.

जुन्या दुमडीची रेघ: पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग, त्यात सुती फडकं भिजवून पिळायचं, रेघेवर पसरून वरून इस्त्री. टेरिकॉट असेल तर मध्यम आच. आधी आतल्या मायेवर करून बघा, रंग उतरतो का. याने घडी जाते. वर्षभर उन्हात विटून पडलेला रंगाचा पट्टा जात नाही, तो राहणारच.

धाकटीचा नवा घेताना तयार लांबीपेक्षा अडीच-तीन इंच माया मागा. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर उंची वाढते. आणि तुरपाईआधी एकदा धुवून घ्या.

---

छत्रीदांडा | १ जून, संध्याकाळी ६:००

रेनकोट आजच माळ्यावरून काढा. वर्षभर घडीत राहिलेला प्लास्टिकचा असेल तर चिकटलेला असतो; ओढू नका, अस्तर नाही तर वरचा थर निघतो. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, हळूहळू सुटतो. मग हँगरला लावून खांद्यांच्या शिवणीवर तांब्याने पाणी ओता आणि आत हात घाला. गळती तिथेच असते.

धाकटीला द्यायचा तर दप्तर पाठीवर ठेवून वरून घालून बघा. टोपी बघाच: मुलीने मान वळवली की टोपी मानेबरोबर वळली पाहिजे. मोठ्या मापाची टोपी जागच्या जागी राहते आणि मुलीला रस्ता ओलांडताना बाजूची गाडीच दिसत नाही. टोपीला मागून एक चुणी घातली की काम होतं. घोट्याखाली येत असेल तर बसच्या पायरीवर अडकेल, तेवढा वर घ्या. कापडी असेल तर सुईच्या भोकांवर आतून वॉटरप्रूफ टेप.

बूट संध्याकाळी, मोजे घालून, उभं राहून घ्या. सर्वात लांब बोटापुढे एक सेंटीमीटर जागा. दोन सेंटीमीटर ठेवलं तर टाच निघते.

---

नागपुरी_संत्रं | १ जून, संध्याकाळी ७:१५

आमच्याकडे विदर्भात शाळा २३ ला. वरच्या सगळ्या तारखा आठवडाभर पुढे घ्या, फक्त उवांच्या नको. आणि उन्हातून आलेल्या मुलींच्या पाठीवर घामोळं असेल तर आधी ते बसू द्या: सुती पातळ कपडे, दोनदा गार पाण्याने अंघोळ, कॅलामाइन. पावडरचे थर देऊ नका, घामात त्याचा लगदा होतो.

---

दोनवेण्या | १ जून, रात्री ९:०५

औषध लावून झालं, फणीही झाली. थोरलीच्या डोक्यातून २३, धाकटीच्या ३१, मोजणी तिनेच केली. सगळ्यांचे आभार. एकच विचारायचं: १० तारखेला वटपौर्णिमा आहे, घरात सासूबाई आणि दोन नणंदा असतील. दुसरी फेरी ९ लाच उरकून टाकू का?

---

औषधपेटी | १ जून, रात्री ९:२०

९ ला नको, उशिरा फुटणाऱ्या लिखा राहून जातील. १० ला पूजा आटोपून पाहुणे गेल्यावर करा, नाहीतर ११ ला सकाळी. ११ च्या पुढे ढकलू नका. आणि नणंदांची मुलं येणार असतील तर त्यांचीही डोकी कानामागे बघून घ्या.