गवयांची चरित्रं आणि त्यांच्यावरच्या कादंबऱ्या: अलीकडे काय वाचलंत?

बोरिवली_फास्ट

लोकहो, पावसाळाभर गाणाऱ्या-बजावणाऱ्यांची चरित्रं वाचत सुटलोय, मधेच चव बदलायला कादंबऱ्या. बोलायला घरात कोणी नाही म्हणून इथे लिहितोय.

आधी आवडलेलं. नमिता देवीदयाळ यांचं सतारिये विलायत खाँवरचं 'द सिक्स्थ स्ट्रिंग ऑफ विलायत खान'. वडील इनायत खाँ १९३८ ला गेले तेव्हा हा पोरगा जेमतेम दहा वर्षांचा, ओढा सगळा गाण्याकडे कारण आजोळ गवयांचं, आणि आईच त्याला बजावते की गाणं सोड, सतार धर, तुझ्या बापाचं घराणं सतारीचं आहे. म्हणजे बघा, तिचं स्वतःचं माहेर गाण्याचं आणि तीच पोराला गाण्यापासून तोडते! हे वाचलं आणि पुस्तक पालथं घालून त्यांचा यमन लावला. 'गायकी अंग, गायकी अंग' (गळ्यातून गावं तशी सतार वाजवणं) असं सगळे म्हणतात ते मला कॅसेटच्या कव्हरवरचं विशेषण वाटायचं, आता मिंड (तार खेचून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) ऐकताना वाटतं की हा माणूस गायचं राहून गेलेलं वाजवतोय. शिवाय गाड्यांचा शौक, कपड्यांचा शौक, पद्म पुरस्कार नाकारणं, रविशंकरांशी चढाओढ, सगळं आहे, कुठे पॉलिश मारलेलं नाही.

आता वैताग. मराठीत गवयांवर जे ढीगभर लिहिलं जातं (नावं घेत नाही) ते एकाच साच्यातलं. अठराविश्वे दारिद्र्य, मग गुरूच्या घरी पाणी भरणं, मग एका रात्री कोणी मोठा गवई आला नाही म्हणून याला बसवलं आणि याने मैफल मारली, मग सत्कार, शाली, फोटो. बायको असतेच, ती 'सावलीसारखी'. आणि गाण्याबद्दल काय तर 'श्रोते मंत्रमुग्ध झाले'. अरे बाबा, मारवा राग गायला ना तो, मग रिषभावर (रे) किती थांबला, षड्ज (सा) किती वेळ चुकवला, काहीतरी सांग की!

आणि मग कन्नड कादंबरीकार भैरप्पांचं 'मंद्र' वाचलं, उमा कुलकर्णींचा अनुवाद. त्यातला मोहनलाल गळ्याने देवमाणूस आणि बाकी सगळ्या बाजूंनी नालायक. शिष्येकडे गुरुदक्षिणा म्हणून जे मागतो ते वाचून पुस्तक भिरकावून द्यावंसं वाटलं, पण रियाजाची वर्णनं अशी की सोडवतही नाही. तर प्रश्न असा की चरित्रात खरं लिहायची सोय नसते म्हणून गवई समजून घ्यायला कादंबरीच वाचायची का? का माझ्याच हाताला चुकीची चरित्रं लागली? सुचवा.

कोमल_रिषभ_आसावरी

मंत्रमुग्धवाल्या पुस्तकांबद्दल शंभर टक्के सहमत, पण कादंबरीच वाचा हे काही पटत नाही. माझा ठोकताळा सांगते, पुस्तक कोणी लिहिलंय ते आधी बघायचं. भक्ताने लिहिलं असेल तर ठेवून द्या, शेजारी बसून साथ केलेल्याने किंवा समोर बसून शिव्या खाल्लेल्याने लिहिलं असेल तर घ्या.

गोविंदराव टेंबे वाचलेत का? 'माझा संगीत व्यासंग', १९३९ चं. स्वतः पेटीवाले, भास्करबुवा बखल्यांची साथ केलेली, 'मानापमान' नाटकातल्या पदांच्या चाली यांच्याच, थोर गवई अल्लादियाखाँचा कोल्हापुरातला सहवास. साथीदाराला गवई कुठे अडखळतो, कुठे पळवाट काढतो हे समजतंच ना, त्याला मंत्रमुग्ध व्हायला वेळच नसतो, हात चालू असतात. खाँसाहेबांचं चरित्रही टेंब्यांनी लिहिलंय. आणि खाँसाहेबांची गोष्ट तर अशी की कादंबरीकाराने रचली तर आपण म्हणू जरा अतीच झालं: आमलेटा संस्थानाच्या दरबारी गाऊन गाऊन आवाज बसला तो पहिल्यासारखा परत आलाच नाही, आणि उरलेल्या जाड्याभरड्या आवाजाला झेपेल अशी गायकी त्यांनी नव्याने बांधली. आज जयपूर-अत्रौली घराणं म्हणून आपण माना डोलावतो ती ही.

दुसरं, तुम्ही नमिताबाईंचं विलायत खाँवरचं वाचलंत तर 'द म्युझिक रूम' (२००७) कसं सोडलंत? ते आधीचं आणि माझ्या मते जास्त चांगलं. मुंबईत केनेडी ब्रिजजवळ राहणाऱ्या याच घराण्यातल्या गायिका धोंडूताई कुलकर्णींकडे लहानपणी गाणं शिकायला गेलेली मुलगी मोठी होऊन बाईंबद्दल लिहिते. बाई चिडक्या, हट्टी, जातीधर्माबद्दलची मतं ऐकून कानकोंडं व्हावं अशी, आणि शिकल्या कोणाकडे तर भुर्जीखाँ, अझीझुद्दीनखाँ, म्हणजे अल्लादियाखाँचा मुलगा आणि नातू. अल्लादियाखाँचे पूर्वज ब्राह्मण होते ही घराण्यातली कथा त्यांना इतकी जवळची का, याचा लेखिका हळूच विचार करायला लावते. प्रेम आहे, आरती नाही.

बोरिवली_फास्ट

@कोमल_रिषभ_आसावरी, साथीदाराचा मुद्दा भारी आहे. म्युझिक रूम आजच मागवतो. टेंबे शाळेत 'मानापमान'पुरते माहीत, त्यांनी गद्य लिहिलंय हे माहीतच नव्हतं.

आम्ही_नाही_पुणेकर

शिष्य नको, साथीदार नको, पोरं लिहितात ते वाचा. राघवेंद्र जोशींचं 'गाणाऱ्याचे पोर'. भीमसेनजींचा मोठा मुलगा, पहिल्या संसारातला. अख्खा महाराष्ट्र ज्या आवाजासाठी रात्र रात्र मांडवात बसायचा तो आवाज स्वतःच्या घरी किती वाट्याला आला, त्याचा हिशोब आहे. आणि कमाल म्हणजे गाण्यावरचं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही.

तोडी_सकाळची

हे वाचलंय मी आणि मला नाही आवडलं, स्पष्ट सांगतो. घरची धुणी चव्हाट्यावर कशाला? आम्हाला त्यांची तोडी ऐकायची आहे, त्यांनी संसार कसा केला याच्याशी आपल्याला काय करायचंय.

आम्ही_नाही_पुणेकर

मग 'वयाच्या अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून पळाला' हे तरी कशाला वाचता? तेही घरचंच धुणं आहे की. घरातून निघालेल्याचं लिहिलं की ती तपश्चर्या आणि मागे राहिलेल्याने लिहिलं की चव्हाटा, हे कसलं गणित?

काकू_फ्रॉम_जर्सी

तोडीसाहेब, शांत घ्या, तोडीच आहे ती, युद्ध नाही 😀

मला 'मंद्र'बद्दल बोलायचंय. भैरप्पांनी मोहनलालला अजिबात सोडलं नाही हे कबूल, पण त्यातल्या बायका बघा ना, सगळ्या त्याच्या प्रतिभेच्या भट्टीत घालायचं सरपण. कोणी त्याला पोसते, कोणी शिकायला येऊन भोगते, आणि वाचताना आपण विचार करत राहतो तो त्याच्याच गाण्याचा. त्यांच्या गाण्याचं काय?

त्यावर उतारा म्हणून 'गौहर जान म्हणतात मला' वाचा. त्या काळच्या नामांकित गायिकेवरचं विक्रम संपत यांचं पुस्तक, सुजाता देशमुख यांचा अनुवाद, इकडे माझ्या बहिणीने येताना आणलं. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रणाच्या भोंग्यात तोंड घालून तीन मिनिटांत अख्खी चीज बसवायची आणि शेवटी इंग्रजीत ठणकावून सांगायचं, 'माय नेम इज गौहर जान', कारण तबकड्या छापायच्या जर्मनीत, तिथल्या कामगारांना कळावं कुणाचं गाणं ते. यूट्यूबवर आहे, ऐका, अंगावर काटा येतो. तासभर आलाप करणाऱ्या उस्तादांनी नाकं मुरडली आणि या बाईने तीन मिनिटांत राग कसा उभा करायचा ते दाखवून दिलं. शेवट मात्र वाईट, कोर्टकचेऱ्या, पैसा गेला, १९३० मध्ये म्हैसूरला वारली. संपत यांनी कागदपत्रं खणून काढलीत पण रडगाणं केलेलं नाही. मधे मधे तपशिलांचा मारा होतो, तिथे मी पानं उलटली.

साळावलीचा_काठ

धोंडूताईंचा विषय निघाला आणि त्यांच्या गुरू केसरबाई केरकरांचं नाव अजून कोणी घेतलं नाही? आम्हा गोंयकारांना राग येईल. केरीच्या आमच्या. अल्लादियाखाँकडे १९२१ च्या सुमारास गंडा बांधला (रीतसर शिष्यत्व घेतलं) आणि मग मागे वळून पाहिलं नाही. मैफलीत कोणी चोरून टेप केलेलं त्यांना खपायचं नाही, आणि नासाने १९७७ ला व्हॉयेजर अंतराळयानावर पाठवलं ते गाणं कोणाचं, तर याच बाईंच्या भैरवीचं, 'जात कहाँ हो'. आम्हाला टेप करू देईनात आणि परग्रहावर फुकट! त्याच वर्षी त्या वारल्या.

आणखी एक, मूळ प्रश्नात कादंबऱ्याही आहेत म्हणून. मी अलीकडे कृष्णात खोत यांची 'रिंगाण' वाचली, साहित्य अकादमी मिळाली ती. गाण्याशी काही संबंध नाही, धरणात गाव गेलेल्यांची आणि मागे राहिलेल्या म्हशीची गोष्ट, भाषा कोल्हापूरकडची, पहिली काही पानं जीभ अडखळते मग सुटते. पण मला सारखं आमचं कुर्डी आठवत होतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, किशोरीताई आमोणकरांच्या आईचं, ते साळावली धरणात गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती, देवळाच्या खुणा वर येतात, उठून गेलेले लोक तेवढ्यापुरते जमतात, देवकार्य करतात, जून आला की परत सगळं पाण्याखाली. मोगूबाईंची चरित्रं मुंबईत सुरू होतात आणि मुंबईत संपतात, गाव येतं एका ओळीत, 'जन्म कुर्डी येथे'. त्या एका ओळीवर कोणी खोतांसारखा कादंबरीकार बसला पाहिजे.

जवारीवाला

मिरजेहून. कोमलताईंचा साथीदारांचा मुद्दा पुढे नेतो. गवयाची चरित्रं, तबलजीची थोडीफार, पण तंबोरा करणाऱ्याचं चरित्र कोणी लिहिलं? आमच्याकडे सतारमेकर गल्लीत पिढ्यानपिढ्या काम चालू, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, वाळवायचे, कापायचे, आणि मग जवारी लावणं, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा इतका बारीक घासायचा की तार त्याला हलकेच चाटून जाते आणि तो गुंजारव निघतो. एक घासणी जास्त पडली की तार बोंबलते. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पेपरात फोटो आले, संपलं. थोर गवई अब्दुल करीम खाँ इथेच राहिले, त्यांच्या कुठल्याही चरित्रात मृत्यूचा प्रसंग रंगवून, प्रवासात, रेल्वे स्टेशनवर, १९३७ वगैरे. मैफलीत त्यांच्यामागे वाजणारे तंबोरे जुळवले कोणी, ते मात्र कुठेच येत नाही. कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णांनी मृदंग करणाऱ्यांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' लिहिलं, कातडं कुठून येतं आणि ते कमावणाऱ्याला सभेत कुठे बसवतात इथपर्यंत. तसं मराठीत हवंय.

तोडी_सकाळची

हे मात्र मी वाचेन. कोणी लिहिणार असेल तर सांगा, मिरजेला येऊन चहा पाजतो.

बोरिवली_फास्ट

यादी वाढतच चालली. सध्या म्युझिक रूम आणि रिंगाण मागवलीत, गौहर जान लायब्ररीत सांगून ठेवलंय. टेंब्यांचं 'व्यासंग' कुठेच दिसत नाहीये, दादरला दोन दुकानांत विचारलं तर एकाने संगीत विशारदचं गाइड काढून दाखवलं. कोणाकडे असेल तर झेरॉक्सपुरतं द्याल का? कोमलताई, तुमची प्रत कितपत धडधाकट आहे?

कोमल_रिषभ_आसावरी

प्रत माझ्या गुरूंची आहे, पानं हात लावला की तुटतात, झेरॉक्स मशीनवर नाही ठेवू देणार. घरी येऊन वाचा. पेटी आहे, उदाहरणं तिथल्या तिथे वाजवून बघता येतील. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.