पार्किंगवाल्याकडे दिलेली इलेक्ट्रिक गाडी : सात टक्के गेले कुठे?

टिपणवही :
परवा एका हॉटेलात चार तासांची बैठक होती. पोर्चमध्ये गाडी थांबवली तसा पार्किंगवाला मुलगा धावत आला. मी उतरलो, टोकन घेतलं आणि आत गेलो. पेट्रोलची गाडी असताना हे शेकडो वेळा केलंय, पण इलेक्ट्रिक गाडी परक्या हातात देण्याची ही पहिलीच वेळ. उतरताना पोटात जरा कालवाकालव झाली.

मला आकडे टिपायची खोड आहे (घरी याला रोग म्हणतात). देताना बॅटरी ६४ टक्के होती, परत आली तेव्हा ५७. ओडोमीटर मात्र एकाच किलोमीटरने पुढे. सीट पार मागे गेलेली, आतला आरसा छताकडे बघतोय, आणि गाडी आतून मस्त गार.

बॅटरी ५० युनिटची. सात टक्के म्हणजे साडेतीन युनिट. माझी गाडी एका युनिटला साधारण पावणेसात किलोमीटर जाते, म्हणजे एवढ्या विजेत तेवीस-चोवीस किलोमीटर झाले असते. झालंय एक. मग बाकीची वीज कोणी प्यायली? मुलाला विचारलं तर म्हणाला, "साहेब, किल्ली..." एवढ्यात मागून हॉर्न वाजायला लागले आणि मी निघालो.

मागच्या सीटवर लॅपटॉपची बॅग होती. ती आहे, सगळं जागच्या जागी आहे. तरी मन स्वस्थ नाही. तुम्ही लोक गाडी देता का? देताना काय करता?

शंकासुर :
फिरवली हो, दुसरं काय! ॲक्सिलरेटर दाबला की सुटली, असा पिकअप. विशीतल्या पोराच्या हातात दिल्यावर तो काय नमस्कार करून ठेवणार? मी कधीच देत नाही. लांब लावतो, दहा मिनिटं चालतो, पोटही कमी होतं.

जुना ड्रायव्हर :
शंकासुर, एका किलोमीटरात साडेतीन युनिट उडवायला गाडी डोंगरावर उभी चढवावी लागेल. ओडोमीटर एकच सांगतोय ना, मग तो प्रश्न तिथेच मिटला.

टिपणवही, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे: "गाडी आतून मस्त गार". एसी तासाला पाऊण ते एक युनिट सहज खातो. चार तासांनी गुणा. गाडी बंद केलीच नव्हती. आवाज नाही, धूर नाही, कोणाला कळणार? पेट्रोलची गाडी चार तास घरघरत उभी असती तर वॉचमन ओरडला असता.

मी गाडी देतो. पण टेस्लासारखा व्हॅलेट मोड (पार्किंगवाल्याकडे गाडी देताना लावायचा) असेल तर तो लावूनच. चार आकडी पिन टाकली की वेग ताशी ११३ किलोमीटरला अडतो, पिकअप मरतो, पुढची डिकी आणि ग्लोव्ह बॉक्स उघडत नाही, घराचा-ऑफिसचा पत्ताही नकाशात दिसत नाही. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गाडी माझ्याकडे परत येते. पत्ता कोणी बघून ठेवला तर तो परत कसा घेणार? आपल्या गाडीत असला मोड नसेल तर निदान नकाशातलं "घर" पुसून द्या.

शंकासुर :
बंद केली नाही हा निष्काळजीपणाच झाला की. पैसे कशाचे घेतात मग?

माजी टोकनवाला :
पाच वर्षं हे काम केलंय, म्हणून लिहितो. आता करत नाही.

पहिली इलेक्ट्रिक गाडी हातात आली तेव्हा मी स्टार्टचं बटण तीनदा दाबलं. चालू, बंद, परत चालू. आवाजच नाही, मला वाटलं बिघडली. शेवटी जोडीदाराने काचेवर टकटक केलं आणि म्हणाला, पडद्यावर 'रेडी' लिहिलंय ते बघ. मालक पोर्चमध्ये उभं राहून हे सगळं बघत होते. एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं?

पुढे रॅम्प. पेट्रोलच्या सवयीने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर गाडी एकदम अडखळली, मागचा माझ्यावर चढायच्या बेतात. काही गाड्या पाय काढला की जवळजवळ ब्रेक मारल्यासारख्या थांबतात, काही नुसत्या वाहत राहतात. ती कुठल्या जातीची हे मालकाला माहीत, आम्हाला नाही. दिवसात दीडशे गाड्या, प्रत्येकीत गिअरची जागा वेगळी: कुठे गोल खटका, कुठे स्टिअरिंगमागची दांडी. हँडब्रेक शोधायला हात जातो तिथे कप ठेवायची जागा.

आणि तळघरात माणसं आवाजावरून बाजूला होतात. मंद वेगात बाहेर ऐकू जाणारा आवाज काढायचा नियम बऱ्याच देशांनी केला, युरोपात २०२१ पासून तो सगळ्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना लागू आहे. पण त्याआधीच्या गाड्या मांजरीसारख्या येतात. मी काच खाली करून तोंडाने "बाजू, बाजू" करत जायचो.

आता मुद्द्याचं. आम्ही गाड्या एकामागे एक लावतो. पेट्रोलची गाडी न्यूट्रलला ठेवली की मधली काढायची असली तर दोघं मिळून ढकलतात. इलेक्ट्रिक बंद केली की बहुतेक वेळा आपोआप पार्कमध्ये जाते, चाकं आवळली जातात. मग ती चालू झाली नाही तर हत्ती बसला समजा, मागच्या सगळ्या गाड्या अडकल्या. म्हणून मनात जरा शंका असली की आम्ही ती बंद करत नाही. निष्काळजीपणाने नाही, जाणूनबुजून.

टिपणवही, तुम्ही लिहिलंय की मुलगा "साहेब, किल्ली..." एवढंच बोलला. किल्ली त्याला दिली होती ना?

टिपणवही :
मेलो.

नाही दिली. किल्ली खिशातून काढायची सवयच राहिलेली नाही. हात लावला की दार उघडतं, बटण दाबलं की चालू. गाडी चालू ठेवून उतरलो, टोकन घेतलं, किल्ली खिशात घेऊन आत गेलो.

गाडीत डॅशकॅम आहे, तो गाडी चालू असेपर्यंतच रेकॉर्ड करतो. आत्ता कार्ड काढून बघितलं. चार तास अकरा मिनिटं सलग रेकॉर्डिंग. रॅम्प उतरताना बीप बीप, मग एक खांब, आणि हे दोन आवाज:

"अरे, यात किल्लीच नाहीये."
"बंद नको करू! नाहीतर साहेब येईपर्यंत अख्खी लाईन बसेल."
"लॉक पण होत नाहीये."
"मग लक्ष ठेव."

त्यानंतर तो खांब आणि एसीची घरघर. पुढेमागे करत बघितलं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी तोच मुलगा समोरून येतो, काचेला हात लावून आत डोकावतो, जातो. एकदा हातात चहाचा कप होता. मी मोजलं, नऊ फेऱ्या.

म्हणजे चार तास माझी गाडी चालू, उघडी, मागच्या सीटवर लॅपटॉप, आणि इथे मी विचारतोय वीज कोणी प्यायली.

जुना ड्रायव्हर :
हाहा. किल्ली वेगळ्या रिंगमध्ये ठेवा, घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात नको. म्हणजे उतरताना ती देण्याची आठवण राहते, आणि घराच्या किल्ल्या परक्या हातात जात नाहीत. फोननेच गाडी उघडणाऱ्यांनी तर कार्ड किंवा सुटी किल्ली पाकिटात ठेवावीच. फोन काय तुम्ही देणार नाही.

माजी टोकनवाला :
हेच म्हणत होतो. माझ्याकडून एवढंच: उतरताना अर्धा मिनिट थांबा. चालू आहे का बंद ते कुठे दिसतं, पाय काढला की गाडी थांबते का, पार्कचं बटण कुठलं, आणि बाहेरून दार कसं उघडायचं. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, काही गाड्यांची हँडलं पत्र्यात लपलेली असतात. मी एकदा पावसात मालकाच्या गाडीला चारी बाजूंनी चाचपत फिरलोय, लोकांना वाटलं काच फोडतोय.

शंकासुर :
ठीक आहे, फिरवली नाही. पण ते एक किलोमीटर?

टिपणवही :
तिसरं तळघर, जाऊन-येऊन, आणि जागा शोधताना दोन चकरा. रेकॉर्डिंगमध्ये सगळं आहे.

उद्या त्याच बाजूला काम आहे, त्या मुलाला गाठतो. बैठकीला काय झालं ते आता आठवत नाही, टोकन देतानाचा त्याचा चेहरा मात्र आठवतो.

माजी टोकनवाला :
जा नक्की. आणि सीट-आरसा परत जागेवर करून द्यायचं आम्ही कायम विसरतो, तेवढं त्याला सांगा.