मदत हवी आहे: जर्मनीतल्या जुन्या घरातला लाकडाचा स्टोव्ह पेटवायला बंदी, आता काय करू?

मंडळी, जर्मनीत कोणी लाकडाचा स्टोव्ह वापरत असेल तर प्लीज सांगा, थंडी तोंडावर आलीय.

आम्ही मे महिन्यात श्टुटगार्टजवळच्या गावात जुनं घर घेतलं, हॉलमध्ये काचेच्या दाराचा लोखंडी स्टोव्ह आहे (इथे कामिनओफेन म्हणतात) आणि खरं सांगायचं तर घर आवडलं ते अर्धं त्याच्यामुळेच. गेल्या आठवड्यात इथला अधिकृत चिमणीवाला (धुरांडी साफ करणारा-तपासणारा) तपासणीला आला, काळा ड्रेस वगैरे, अगदी चित्रातल्यासारखा. पाठीमागची पाटी बघितली, वर्ष २००३, म्हणाला हा पेटवायचा नाही. १९९५ ते मार्च २०१० मधले स्टोव्ह धुराच्या घनमीटरमागे धूळ ०.१५ ग्रॅम आणि कार्बन मोनॉक्साइड ४ ग्रॅमच्या आत असतील तरच चालतात, हे दाखवायची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. आधीच्या मालकाने चकार शब्द काढला नव्हता!!

बनवणारी कंपनी कधीच बंद पडलीय. चिमणीवाला घरी येऊन धूर मोजून देईन म्हणतो, पण नापास झाला तर पैसे गेले ते गेलेच. फिल्टर बसवायचा का? की सरळ नवीन घ्यायचा? पण २०२२ पासून धुरांडं आढ्याच्या वर ४० सेंटिमीटर हवं असा नियम आलाय ना, आमचं बाजूच्या भिंतीला आहे, मग स्टोव्ह बदलला की तेही उंच करावं लागेल का? नवरा म्हणतो गॅस हीटिंग आहे, सोड नाद. आई तर फोनवर हसतच सुटली, म्हणे आम्ही जन्मभर फुंकणी घेऊन डोळे चोळले, धूर मोजायला कुणी आलं नाही.

प्रतिसाद १: ताई, घाई नको. एचकेआय म्हणून उत्पादकांची संघटना आहे, त्यांच्या ऑनलाइन यादीत मॉडेल टाकून बघा, चाचणीचे आकडे मिळतात, आमचा २००६ चा त्यावरच सुटला. घरात दुसरं हीटिंग नसेल तर सूट असते, पण तुमचा गॅस आडवा आला. ४० सेंटिमीटरचं नव्याने बसवणाऱ्यांसाठी आहे, जुन्याच धुरांड्यावर स्टोव्ह बदलला तर लागू नाही. तरी विकत घ्यायच्या आधी चिमणीवाल्याला विचारा, शेवटी पास त्यालाच करायचाय.

प्रतिसाद २: मोजायचं ठरलं तर सरपण बघा आधी! ओलावा २५ टक्क्यांच्या आत हवा, मीटर स्वस्तात मिळतं. बीच नावाच्या झाडाचं, दोन उन्हाळे वाळलेलं घ्या. ढलप्या वर ठेवून वरून पेटवायचं, आपल्या चुलीच्या बरोबर उलटं. आणि हवा कमी करून रात्रभर धुमसत ठेवायचं नाही, सगळी घाण तिथेच होते.

धागाकर्ती: यादीत सापडला! धुळीत पास, कार्बन मोनॉक्साइडमध्ये नापास 😭 म्हणजे नवीनच. चिमणीवाल्याला मंगळवारी बोलावलंय. ३० चौरस मीटरच्या हॉलला ५ किलोवॅटचा पुरेल का, कोणाकडे आहे?