मदत हवी आहे: लॅक्स्टन (नॉटिंगहॅमशायर) या इंग्लिश गावाचा जुना इतिहास नेमका कुठे आणि कसा शोधायचा?

नमस्कार मंडळी,

इथे मोडी, गॅझेटियर, जुन्या दफ्तरांत रमणारी बरीच जणं आहेत म्हणून धागा काढतेय. विषय जरा लांबचा आहे, सांभाळून घ्या.

मी नेवार्कजवळ राहते. इथून जवळच लॅक्स्टन नावाचं खेडं आहे. एक चर्च, एक पब, विटांची शेतघरं आणि गावाबाहेर तीन अवाढव्य शेतं: साउथ फील्ड, मिल फील्ड, वेस्ट फील्ड. इंग्लंडात बाकी सगळीकडे झुडपांच्या कुंपणांनी शेतांचे चौकोन पाडलेले दिसतात ना, तसं इथे नाहीये, एकाच फील्डमध्ये बऱ्याच शेतकऱ्यांचे पट्टे आहेत आणि मधे कुंपण नाही. एक फील्ड गव्हाला, दुसरं उन्हाळी पिकाला, तिसरं पड, आणि दरवर्षी चक्र एक घर पुढे सरकतं. कोणाचीच जमीन एका जागी नाही, तिन्हीकडे विखुरलेली, म्हणजे पड पडलेल्या वर्षी कोणी उपाशी मरत नाही आणि चांगली-वाईट माती सगळ्यांच्या वाट्याला येते. मध्य इंग्लंडात एके काळी गावंच्या गावं अशी शेती करायची. मग साधारण १७५० ते १८५० च्या दरम्यान संसदेने हजारो कायदे करून ही शेतं फोडली, कुंपणं घातली, लॅक्स्टन तेवढं राहिलं.

आणि यावर देखरेख करायला गावाचं स्वतःचं कोर्ट आहे, अजून! नोव्हेंबरच्या शेवटी गावातल्या १२ जणांची ज्युरी नव्याने पेरलेलं गव्हाचं फील्ड बघायला जाते. कोणी रस्त्यात किंवा गवताच्या सामाईक पट्ट्यात नांगर घुसवला असेल तर हद्द जिथे असायला हवी तिथे खुंटी ठोकतात, आणि आठवड्याने पबमध्ये कोर्ट भरून दंड होतो. म्हणजे सरळ सरळ बांध कोरल्याचा दंड. आमच्या गावाकडे याच कारणावरून भावकीत दोन पिढ्या बोलणं बंद आहे आणि इथे बाराजण चिखल तुडवत जाऊन खुंटी ठोकतात की विषय संपला. १९७७ साली अशी बाकीची जुनी कोर्टं कायद्याने मोडीत काढली तेव्हा याचा अधिकार मुद्दाम शाबूत ठेवला. भटक्या जनावरांसाठी कोंडवाडापण आहे आणि त्याचा माणूस हेच कोर्ट नेमतं.

आता मदत कशात हवीये ते सांगते. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहायचाय, पण "किती सुंदर गाव, किती जुनं चर्च" छापाचा नको. १६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने या गावाचा भलामोठा नकाशा काढला, तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे. एकेक पट्टा दाखवलाय, शिवाय त्यात नांगर धरलेली माणसं, कापणी, शिकारी, पवनचक्की अशी बारकी बारकी चित्रं आहेत, नकाशा कमी आणि जत्रा जास्त. सोबत कोणता पट्टा कोणाकडे, किती, याची वही आहे. माझ्या डोक्यात असं आहे की त्यातलं एक कूळ धरायचं आणि आजपर्यंत खाली यायचं.

पण १६३५ नंतर एकदम १८४१ ची जनगणना, मधली दोनशे वर्षं कशावरून भरायची? चर्चच्या रजिस्टरमधल्या तारखा तर डोकं फिरवतात, इथल्याच एका पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या) छापील प्रतीत पोराचा बाप्तिस्मा डिसेंबर १६३८ चा आणि दफन फेब्रुवारी १६३८ चं, जन्माआधी पोर गेलं कसं? ते अक्षरही वाचता येत नाही.

अजून एक. नकाशा काढून घेणारा तेव्हाचा मालक सर विल्यम कोर्टेन, लंडनचा गडगंज व्यापारी. हे नाव मला कारवारच्या संदर्भात वाचल्यासारखं वाटतंय. तोच का हा?

जुनेकागद:

तारखेचं कोडं सोपं आहे ताई. इंग्लंडात १७५१ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे फेब्रुवारी १६३८ हा डिसेंबर १६३८ च्या नंतर येतो, आपल्या हिशोबाने तो १६३९. लेखात १६३८/३९ असं लिहा, तीच रीत आहे.

रजिस्टरं ठेवायचा हुकूम १५३८ चा, आठव्या हेन्रीच्या काळात थॉमस क्रॉमवेलने काढलेला, पण सगळीकडे तेव्हापासूनची टिकलेली नाहीत. १५९८ पासून दरवर्षीच्या नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवायची होती, म्हणून मूळ पान गेलं असेल तर बिशपची प्रत बघायची. यादवी युद्धाच्या आणि त्यानंतर १६६० पर्यंतच्या काळात खूप ठिकाणी भोकं आहेत, तिथे जीव काढू नका.

मधली दोनशे वर्षं: १६४१-४२ मध्ये प्रौढ पुरुषांकडून शपथेवर सह्या घेतल्या होत्या, त्या याद्या जिथे शिल्लक आहेत तिथे सोनं आहे. मग १६६२ ते १६८९ चुलीवरचा कर, घरात किती चुली त्यावर पैसे, त्यावरून कोण खातंपितं घर आणि कोण फाटकं ते कळतं. मृत्युपत्रांसोबत घरातल्या वस्तूंची यादी सापडली तर अजिबात सोडू नका, त्यात कढया, अंथरुणं, गाया, कोठारातलं धान्य, शेतात उभं पीक, सगळं किमतीसकट असतं.

पण तुमचा बेत एका जागी अडकणार. आपल्याकडे सातबारा, फेरफार अशी साखळी लागते तशी तिथे कुळाची लागत नाही, कारण जमीन इस्टेटीची, म्हणजे बड्या जमीनदाराची. कूळ बदललं तर चर्चला त्याचं काय? म्हणून माणसांमागे जाऊ नका, इस्टेटीच्या खंडाच्या वह्या धरा. लॅक्स्टन पुढे पिअरपाँट घराण्याकडे, म्हणजे नंतरचे अर्ल मॅनव्हर्स, त्यांच्याकडे होतं आणि त्यांचं दफ्तर नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटीच्या हस्तलिखित विभागात आहे. तुमच्या घराजवळच आहे की. गावच्या कोर्टाचे कागद १७३३ पर्यंत बहुतांशी लॅटिनमध्ये, तेवढी तयारी ठेवा.

अक्षरासाठी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचे फुकट ऑनलाइन धडे आहेत. त्या काळच्या वळणात 'सी' आजच्या 'आर'सारखा दिसतो आणि 'ई' उलटा पडलेला असतो, हे दोन डोक्यात बसले की निम्मं काम झालं.

काळीनदी:

कारवार निघालं म्हणून लॉगिन केलं :)

हो, तोच कोर्टेन. जानेवारी १६३५ मध्ये सुरतेच्या इंग्रजांनी गोव्याच्या व्हाइसरॉयशी तह केला आणि पोर्तुगीज बंदरं इंग्रजांना उघडी झाली. हे बघून कोर्टेन आणि मंडळींनी ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीला बगल देऊन पहिल्या चार्ल्सकडून डिसेंबर १६३५ मध्ये वेगळा परवाना काढला. राजाचाही त्यात वाटा, मग कंपनी काय बोलणार. एप्रिल १६३६ ला वेडेल नावाच्या कप्तानाचा ताफा निघाला, पुढच्या महिन्यात कोर्टेनच वारला, जहाजं त्याच वर्षी गोव्याला पोचली, मग भटकळ, मग पार चीन. त्यात पीटर मंडी नावाचा माणूस होता, त्याची प्रवासाची टिपणं छापलेली आहेत, ती मिळवा, बाकी काही नाही मिळालं तरी चालेल. कारवारची वखार १६३८ ची, कोर्टेनच्या कंपनीचीच, सोंद्याच्या मिरीसाठी.

म्हणजे ज्या वर्षी साहेब इंग्लंडातल्या गावाचा पट्टा न् पट्टा मोजून घेत होते त्याच वर्षी आपल्या किनाऱ्यावरच्या मिरीचा हिशोब मांडत होते. लेख इथूनच सुरू करा ना. मुलाने पुढे दिवाळं काढलं आणि तो देश सोडून गेला तो परत आलाच नाही, तेही घ्या.

रानोमाळ:

छान धागा. गावकऱ्यांनी परंपरा इतकी जपली याचं खरंच कौतुक. आपल्याकडे तर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यापासून सरकारच तुकडे जोडा म्हणून मागे लागलंय.

धागाकर्ती:

जुनेकागद, काळीनदी, तुम्ही दोघांनी लेखच लिहून दिलात की. खंडाच्या वह्यांचं पटलं, बेत बदलला.

@रानोमाळ, कौतुक आहेच, पण परंपरा जपली म्हणून शेतं राहिली हे मला पटत नाही. गावात जमीन दोन बड्या घराण्यांची, मॅनव्हर्स आणि स्कारबरो. कुंपणं घालायची तर अदलाबदल हवी आणि त्यांचं एकमेकांशी जमेना, अशात शंभरेक वर्षं गेली. शिवाय जे राहिलं तेही जसंच्या तसं नाही. चौथं ईस्ट फील्ड होतं ते कधीच गेलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्स इस्टेटीने पट्टे एकत्र करून कमी केले, म्हणजे तुमचा तुकडेजोड कार्यक्रम तिथेही झालाय. १९५२ मध्ये शेती खात्याने गाव विकत घेतलं ते मात्र ही पद्धत टिकावी म्हणूनच. १९८१ ला ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या नावावरच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं आणि २०२० ला थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे फिरून मॅनव्हर्सांच्याच घरी. शेतकऱ्यांनी हे सगळं होताना दर नोव्हेंबरला खुंट्या ठोकणं सोडलं नाही, त्याचं श्रेय त्यांना आहेच.

चर्चबद्दल कोणी विचारलं नाही तरी सांगते, तिथे एव्हरिंगहॅम घराण्यातल्या एका बाईचा मध्ययुगीन लाकडी पुतळा आहे, ओकचा. बाकीची मंडळी दगडात आहेत आणि ही एकटी लाकडात. हे घराणं शेरवूड जंगलाचं वंशपरंपरागत राखणदार होतं, गावाच्या उत्तरेला त्यांच्या किल्ल्याची मातीची टेकडी अजून आहे. पण हे सगळं एका परिच्छेदात उरकणार, नाहीतर परत टूरिस्ट लेख होईल.

आता दोनच गोष्टी उरल्यात. ऑक्सफर्डला कोणी मायबोलीकर असेल आणि बॉडलियनचं वाचक कार्ड असेल तर मिल फील्डच्या भागाबद्दल थोडं काम आहे, व्यनि (खाजगी निरोप) करा प्लीज. आणि पीटर मंडीचा गोवा-भटकळचा भाग मराठीत कोणी केलाय का, निदान एखाद्या जुन्या मासिकात? काळीनदी, तुम्हीच सांगा.